चहा उकळू नका, मुरू द्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. त्यांचे हिमोग्लोबिन ८.६ वर आले होते. शौचावाटे रक्त जाते का याची तपासणी, सोनोग्राफी आणि इतर आवश्यक चाचण्या करून झाल्या. रक्तस्राव कोठेही आढळला नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा ८.९. गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत असे त्या ठामपणे सांगत होत्या आणि ते खरेच होते. एका सुट्टीच्या दुपारी चार वाजता मी घरी होते, म्हणून उलगडा झाला. सासूबाईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि वरून चहाचा घोट घेतला. इतकी वर्षे औषधे लिहून देणाऱ्या मला, ‘गोळी कशाबरोबर घेता?’ हा प्रश्न घरच्या माणसाला विचारायचे सुचले नव्हते.

चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते लोह आतड्यातून रक्तात पुरेसे उतरत नाही. वरण, मेथी, पालक, तीळ यांतून मिळणारे लोहही असेच अडकते. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे. लोहाची गोळी आणि चहा यांत दोन तासांचे. गोळीसोबत लिंबाचे सरबत किंवा संत्र्याच्या चार फोडी घेतल्या, तर त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. नागपूरकरांना संत्र्याची शिफारस करावी लागू नये, पण करते. थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा थांबवावा. मात्र ज्येष्ठांच्या रक्तक्षयाचा सगळा दोष चहावर टाकून मोकळे होऊ नका. आधी कारण शोधायला हवे. ते काम डॉक्टरांचे.

त्या दिवशी मी घाईने केलेला उपाय म्हणजे चहा बंद. सासूबाई भांडल्या नाहीत. फक्त दुपारी गॅलरीत जाऊन बसेनाशा झाल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, चहाच नाही, तर शेजारच्या काकूंना या तरी कशाला म्हणू?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग घरातला चहा होतो कसा, ते मी पाहिले. सकाळी गंजात पाणी, दूध, साखर आणि दाणेदार पत्ती एकत्र घालून दहा मिनिटे खळखळ उकळायचे आणि सारे थर्मासमध्ये भरून ठेवायचे. दिवसभर त्यातलाच चहा. बहुतेक घरांत, विशेषतः सेविका किंवा मावशी ज्येष्ठांजवळ असतात तेथे, हीच रीत असते. तिच्यात सोय आहे, हे मान्य. पण पत्ती जितकी उकळावी तितके टॅनिन पाण्यात उतरते, चहा तुरट होतो, तो तुरटपणा झाकायला साखर वाढते. मधुमेही रुग्ण ‘एकच चमचा’ म्हणून मला सांगतात, तो चमचा बहुधा याच तुरटपणाने मागितलेला असतो.

दाणेदार, म्हणजे सीटीसी चहा, लवकर कडक उतरावा म्हणूनच तसा केलेला असतो. १९३०च्या दशकात आसामात आलेल्या यंत्राने पान चिरडून, फाडून, त्याचे दाणे वळायला सुरुवात झाली. पूर्वापार पद्धतीने पान केवळ वळून, सुकवून केलेला लांब पत्तीचा चहा निराळा. तो सावकाश उतरतो. दुधाचा चहा हवा असेल तर आसामची लांब पत्ती घ्यावी. दार्जिलिंगच्या नाजूक पत्तीत दूध घालू नये, पैसे वाया जातात.

आता कृती. पाणी ताजे, नळाचे घ्या; बोअरवेलच्या जड पाण्याचा चहा गढूळ होतो आणि वर तवंग धरतो. एका कपाला साधारण दोन ग्रॅम पत्ती लागते. लांब पत्ती हलकी असल्याने चहाचा चमचा शिगोशीग भरावा. आले हवे असल्यास ठेचून आधी पाण्यातच उकळावे. पाण्याला खळखळून आधण आले की गॅस बंद करावा, मगच पत्ती टाकावी. गवती चहाची पातही याच वेळी. वर झाकण ठेवावे आणि घड्याळ लावून चार मिनिटे थांबावे; दार्जिलिंगला तीन पुरेत. चहाची प्रत पारखणारे तज्ज्ञ १०० मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम पत्ती सहा मिनिटे मुरवतात, पण ते गुणदोष उघडे पडावेत म्हणून, पिण्यासाठी नव्हे. वेळ झाली की सगळा चहा गाळून घ्यावा. पत्ती चमच्याने दाबून पिळू नये. दूध वेगळे गरम करून दोन-तीन चमचे वरून घालावे. साखर शेवटी, चव घेऊन.

सुटी पत्ती घेत असाल तर एक चाचणी घरी करता येते. ओल्या पांढऱ्या गाळणकागदावर थोडी पत्ती पसरून ठेवा. कागदावर लगेच गडद रंगाचे डाग उमटले, तर पत्तीला कृत्रिम रंग दिल्याचा संशय घ्यावा.

चहा वाफाळता असावा हा हट्ट सोडा. ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ मध्ये केले. म्हणजे बशीत ओतून पिणारी आपली जुनी मंडळी नकळत बरोबरच वागत होती. हात थरथरत असल्यास मात्र बशी नको. रुंद कानाचा मग अर्धाच भरून द्यावा. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर कोणतेही पातळ पेय देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेवटचा कप दुपारी चार-साडेचारपर्यंत संपवावा. उशिराच्या चहाने झोप मोडते, रात्री लघवीला उठावे लागते आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी दरवर्षी पाहते.

आमच्याकडे पहिला कप सासूबाईंनी उजेडात धरून पाहिला. “हे रंगीत पाणी कुणासाठी?” दुसऱ्या आठवड्यात मी साखर अर्ध्या चमच्यावर आणली, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. दिवसाचे पाच कप होते, ते दोन झाले. सकाळी साडेसातला आणि दुपारी चारला. लोहाची गोळी सकाळी अकराला, लिंबाच्या सरबताबरोबर. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ आले. काकू पुन्हा गॅलरीत येऊ लागल्या आहेत. त्यांच्यासाठी मात्र सासूबाई स्वतः ओट्याशी उभ्या राहून गंजात पूर्वीसारखा कडक चहा उकळतात, कारण “त्यांना तुझा नाही आवडत.”