स्क्लेरोडर्मा असताना आई होताना

‘मूल होऊ देऊ नका’ असं स्क्लेरोडर्माच्या रुग्ण स्त्रीला सरसकट सांगितलं जाण्याचा काळ फार मागे पडलेला नाही. त्या सल्ल्यामागे भीती होती आणि भीतीला कारणंही होती. जुन्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून यायच्या त्या बाळंतपणात मूत्रपिंडं निकामी होऊन दगावलेल्या मातांच्या हकिगती. ज्यांचं बाळंतपण सुखरूप झालं, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नसे. चित्र एकतर्फी उभं राहिलं आणि त्यापायी कितीतरी जोडप्यांनी मुलाची आशा सोडली, याचं वाईट वाटतं.

सिस्टेमिक स्क्लेरोसिस हे या आजाराचं पूर्ण नाव. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, कातडी ताठरते आणि काहींची फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडंही त्यात सापडतात. थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडणं ही बहुतेकींची पहिली तक्रार. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक. पहिलं मूल उशिरा होऊ देण्याचा कल वाढल्यामुळे निदान आधी आणि गरोदरपण नंतर, असं आता अनेकींच्या बाबतीत घडतं.

अमेरिकेत व्हर्जिनिया स्टीन यांनी अशा गरोदर स्त्रियांचा पद्धतशीर पाठपुरावा केला, तेव्हा चित्र पालटू लागलं. २०१२ मध्ये इटलीतल्या २५ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९९ स्त्रियांची १०९ गरोदरपणं तपासली होती. मुदतीआधी प्रसूतीचं प्रमाण २५ टक्के निघालं, सर्वसाधारण स्त्रियांत ते १२ टक्के होतं. पोटात बाळाची वाढ खुंटण्याचं प्रमाण ६ टक्के, इतरांत १ टक्का. जोखीम खरीच आहे, पण बहुसंख्य स्त्रियांच्या हाती बाळ आलं आणि बहुतेकींचा आजार गरोदरपणामुळे बळावला नाही. ज्या मोजक्या जणींचा बळावला, त्यांच्या रक्तात ‘अँटी-एससीएल-७०’ ही प्रतिपिंडं होती.

बाळ लहान का राहतं, याचं उत्तर रक्तवाहिन्यांतच असावं. गरोदरपणात गर्भाशयातल्या नागमोडी रोहिण्या रुंदावतात, तेव्हाच वारेला पुरेसं रक्त मिळतं. या आजारात नेमक्या बारीक वाहिन्याच अरुंद झालेल्या असतात, आणि काही स्त्रियांच्या वारेत तसे बदल आढळलेही आहेत. गंमत अशी, की गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढत असल्यामुळे बोटांचा त्रास मात्र बऱ्याचदा कमी होतो. छातीत जळजळणं वाढतं.

खरा धोका मूत्रपिंडांचा. आजार सुरू होऊन चार-पाच वर्षंच झाली असतील, कातडी अंगभर झपाट्याने ताठरत असेल, तर रक्तदाब अचानक भडकून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. गरोदरपणात हे प्रीएक्लॅम्प्सियासारखं दिसतं आणि तिथेच घात होतो. प्रीएक्लॅम्प्सिया प्रसूतीनंतर सहसा ओसरतो, हे संकट ओसरत नाही. त्यावरची औषधं कॅप्टोप्रिलच्या घराण्यातली. ती नसताना वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण सुमारे १५ टक्के होतं, ती आल्यावर ७६ टक्क्यांवर गेलं. पण हीच औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना घातक, म्हणून एरवी गरोदरपणात वर्ज्य. अशा वेळी आईचा जीव वाचवण्यासाठी ती द्यावीच लागतात. स्टिरॉइडचा मोठा डोसही हे संकट ओढवू शकतो, म्हणून तोही जपून.

फुप्फुसांच्या रोहिण्यांतला दाब वाढलेला असेल, तर गरोदरपण टाळा, हा सल्ला आजही तितकाच ठाम आहे. त्यात मातामृत्यूचा धोका फार मोठा असतो. इथे मन घट्ट करून ‘नाही’ म्हणणारा डॉक्टरच रुग्णाचा हितचिंतक.

औषधांचा घोळ आपल्याकडे फार होतो. दिवस राहिले की घाबरून सगळ्याच गोळ्या बंद केल्या जातात. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, बोसेंटन ही औषधं गर्भाला अपायकारक आहेत आणि ती आधीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवायची असतात. मायकोफेनोलेट तर किमान सहा आठवडे आधी. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि निफेडिपिन मात्र सहसा चालू ठेवता येतात.

प्रसूतीच्या खोलीतही तयारी वेगळी लागते. तोंड पुरतं उघडत नसेल तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं, ताठर कातडीखाली शीर सापडत नाही. म्हणून भूलतज्ज्ञाने या स्त्रीला कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी पाहिलेलं असावं. खोली उबदार हवी, सलाइनही कोमट करून द्यावं.

स्क्लेरोडर्मा असलेल्या आणि मूल हवं असलेल्या प्रत्येकीला एवढीच विनंती: दिवस राहण्याआधी संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा. टू-डी एको, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंडं आणि प्रतिपिंडं तपासून घ्या. गरोदरपणात घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवा, रोज मोजा, आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडेही मोजणं सोडू नका.