फिल्म एक सांगते, सुई दुसरंच

स्तनाच्या तपासणीचा आढावा घ्यायचा म्हटलं की बहुतेक लेखक यंत्रांचीच यादी देतात. ती लवकर उरकते. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ साली काढून टाकलेल्या स्तनांचे एक्स-रे अभ्यासले. १९६०च्या सुमारास ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी मॅमोग्राफीच्या तंत्राला शिस्त लावली. पुढे डिजिटल आलं. २०११ मध्ये अमेरिकेत स्तनाची थराथराने चित्रं घेणाऱ्या टोमोसिंथेसिसला परवानगी मिळाली.

यंत्रं बदलली, तरी चकवणारे आजार तेच राहिले. घट्ट स्तनात ग्रंथींची ऊतीही पांढरी दिसते आणि गाठही पांढरी. लोब्युलर कर्करोगाच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन बहुधा हरवलेलं असतं. त्यामुळे त्या एकामागून एक ओळीने पसरतात, गाठ म्हणून गोळाच होत नाहीत, आणि मॅमोग्राममध्ये रचना थोडी ओढल्यासारखी दिसते, इतकंच. उलट जुन्या माराने मेलेली चरबी किंवा रेडियल स्कार हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते.

भारतात यात आणखी एक पाहुणा असतो. बाळंतपणानंतर काही वर्षांत तरुण बाईच्या स्तनात कडक, दुखरी गाठ येते, पू होतो, प्रतिजैविकं लागू पडत नाहीत. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा स्तनाचा दाह, क्षय की कर्करोग? स्तनाच्या क्षयाचं वर्णन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ सालीच केलं होतं. सोनोग्राफीवर तिन्ही एकमेकांची सोंगं घेतात. इथे ऊतीचा तुकडा काढावा लागतो आणि त्याचा एक भाग क्षयाच्या चाचण्यांसाठी आठवणीने वेगळा ठेवावा लागतो. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की कल्चरची वाट बंद.

खरी कसोटी लागते ती बायोप्सीचा अहवाल आल्यावर. स्तनाच्या चित्रांवरचा संशय मोजणाऱ्या बायरॅड्स श्रेणींत पाच म्हणजे कर्करोगाची शक्यता किमान ९५ टक्के. अशा सावलीवर सुई घातली आणि अहवालात ‘साधी फायब्रोसिस्टिक वाढ’ आली, तर सुटकेचा निःश्वास टाकायचा नसतो. सुई चुकली असं धरून पुन्हा तुकडा घ्यायचा असतो. कॅल्शियमच्या कणांसाठी बायोप्सी केली, तर तुकड्यांचाच एक्स-रे काढतात. त्यात कण दिसतात, पण स्लाइडवर नाहीत. मग पॅराफिनचा ठोकळा आणखी खोल कापावा लागतो. कण ऑक्सलेटचे असतील तर नेहमीच्या रंगात ते सहज नजरेतून सुटतात, ध्रुवित प्रकाशात चमकतात. फिल्म पाहिलेला पॅथॉलॉजिस्टच ते शोधायला जातो.

काही मंडळी मात्र बायरॅड्स तीनला धर्मशाळा समजतात. ठरत नाही ना, घाला तीनमध्ये, बोलवा सहा महिन्यांनी! ती श्रेणी दोन टक्क्यांपेक्षा जास्त धोका नसलेल्या, पूर्ण तपासलेल्या खुणांसाठी आहे. जास्तीचे कोन, सोनोग्राफी आणि जुन्या फिल्म न पाहता ती देणं हा निव्वळ आळस.

आता काहींची भिस्त कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे. स्वीडनच्या मासाई चाचणीत तिने मॅमोग्राम वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी केलं, हे मान्यच. पण ते सरसकट स्क्रीनिंगचं वाचन होतं. सुई नेमक्या जागी लागली होती का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

पूर्वी लाइट बॉक्सपुढे सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र उभे राहून भांडायचे. आता फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मागच्या वर्षीच्या फिल्म माळ्यावर पडून असतात, आणि अहवालाच्या तळाशी ‘क्लिनिकली पडताळून पाहावे’ एवढं लिहिलं की काम संपतं. मोठ्या कर्करोग केंद्रांत ती बैठक अजून भरते. बाहेर तिचं बिल लावता येत नाही, त्यामुळे वेळापत्रकातून पहिली कात्री तिलाच लागते.