सवडीचा डाव

माझी धाकटी बहीण सोलापूरला, तिचा मुलगा पुण्याला, माझी नणंद मडगावला आणि मी सांगलीला. आम्हा चौघांचा एक डाव सध्या चालू आहे. बहिणीला सकाळची पूजा आटोपली की सवड होते, नणंदेला दुपारी, आणि भाच्याला रात्रपाळीतल्या मधल्या सुट्टीत. ज्याची पाळी येते त्याच्या फोनवर निरोप पडतो. तो आपली चाल करतो आणि कामाला लागतो. पट मांडलेलाच राहतो. तो आवरायला लागत नाही आणि त्यावर कुणाचा पायही पडत नाही.

इंटरनेटवर बैठे खेळ म्हटलं, की माझ्या वयाच्या लोकांना ल्यूडो आठवतो. २०२० च्या टाळेबंदीत ‘ल्यूडो किंग’ घरोघरी पोचला, आणि तो तर आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा. पण मी सांगते आहे तो प्रकार निराळा. हे एका खेळाचं अ‍ॅप नव्हे. हे एक मोठं दालन आहे. आत शिरावं, हवा तो खेळ निवडावा, टेबल मांडावं आणि ओळखीच्यांना बोलवावं. ओळखीचं कुणी नसेल तर जगभरातून कुणीतरी येऊन बसतं. आम्ही खेळतो त्या दालनाचं नाव ‘बोर्ड गेम अरेना’. ग्रेगरी इझाबेली आणि एमान्युएल कोलँ या दोघा फ्रेंच मित्रांनी ते २०१० साली सुरू केलं. २०२१ साली ‘अस्मोडी’ या खेळांच्या मोठ्या फ्रेंच कंपनीनं ते विकत घेतलं. आज तिथे हजाराच्या वर खेळ आहेत. बुद्धिबळ आहे, पत्त्यांचे खेळ आहेत, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत युरोपात घडलेले, आपल्याकडे फारसे न पोचलेले असे कितीतरी नवे खेळही आहेत. संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालतं, फोनवरही चालतं.

पैशाचा प्रश्न लोक आधी विचारतात, म्हणून तो आधीच सांगून टाकते. इथे पैसे लावून खेळत नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. माझ्या मते तो यायलाच हवा होता, त्या खेळांपायी उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. आमच्या टेबलावर जिंकणाऱ्याला गुण मिळतात आणि हरणाऱ्याला पुढचा डाव. नाव नोंदवायला काही पडत नाही. काही खेळांचं टेबल मांडायला वर्गणीदार सभासद लागतो, पण चौघांत एक सभासद असला की बाकीचे फुकट बसू शकतात. आमच्यात वर्गणी भाचा भरतो.

आता सवडीबद्दल. टेबल मांडताना खेळाचा वेग ठरवता येतो. सगळे एकाच वेळी हजर असतील तर तासाभरात डाव उरकावा. नाहीतर प्रत्येक चालीला एक दिवस, दोन दिवस अशी मुदत ठेवावी. मुदत अजिबात नको असेल तर तशीही सोय आहे, फक्त ती मित्रमंडळींपुरतीच वापरा असं ते स्वतःच सुचवतात. ते बरोबर आहे. अनोळखी माणूस अर्ध्या डावातून उठून गेला तर बाकीचे खोळंबतात. म्हणून प्रत्येकाच्या वागणुकीची नोंद राहते. डाव सोडून पळणाऱ्याची पत घसरते आणि पत घसरलेल्याबरोबर बसायला कुणी राजी नसतं.

असा लांबणीचा खेळ मला नवा वाटला नाही. मी टपाल खात्यात नोकरी केली. सांगली हे बुद्धिबळाचं गाव. ऐंशीच्या दशकात टपाल वेगळं करताना परदेशी जाणारी काही कार्डं हाती यायची. त्यांच्यावर मजकूर जवळजवळ नसायचाच, नुसते चार आकडे. एकदा ती पाठवणाऱ्या गृहस्थांनी खिडकीपाशी उभं राहून मला अर्थ समजावला. पटाच्या उभ्या ओळींना एक ते आठ आकडे, आडव्या ओळींनाही एक ते आठ. ‘५२५४’ लिहिलं की पाचव्या ओळीतल्या दुसऱ्या घरातलं प्यादं त्याच ओळीतल्या चौथ्या घरात, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्याची भाषा कुठलीही असो, आकडे दोघांना कळतात. पत्रातून खेळणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे, १९५१ पासूनची. कार्ड जायला-यायला आठवडे लागत, एक डाव वर्ष-दीड वर्ष चाले. ते गृहस्थ दर खेपेला उत्तर आलं का म्हणून विचारायला यायचे. त्यांचा चेहरा पाहून मला वाटायचं, या माणसाच्या दिवसात एक जास्तीची खोली आहे. आज माझ्या फोनवर ‘तुमची पाळी’ असा निरोप येतो, तेव्हा त्या खोलीत मीही जाऊन येते.

आमच्या डावाचं नाव ‘कार्कासोन’. दक्षिण फ्रान्समध्ये त्या नावाचं तटबंदीचं जुनं शहर आहे. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन संगीतशिक्षकानं ते पाहून हा खेळ रचला. २००० साली तो बाजारात आला आणि २००१ साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे त्या वर्षातल्या उत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. सामान थोडकं आहे. ७२ चौकोनी फरश्या असतात. कुठल्या फरशीवर रस्ता, कुठल्या फरशीवर तटाचा तुकडा, कुठे मठ, आणि उरलेलं हिरवं रान. पाळी आली की एक फरशी उचलायची आणि आधीच्यांना जोडून ठेवायची. रस्त्याला रस्ता, तटाला तट, रानाला रान भिडलं पाहिजे. मग वाटलं तर आपल्याजवळच्या सात बाहुल्यांपैकी एक त्या फरशीवर उभी करायची. रस्त्यावर उभी केली तर ती वाटमाऱ्या, शहरात सरदार, मठात साधू. रानात मात्र ती आडवी निजवायची. ती शेतकरी, आणि ती डाव संपेपर्यंत उठत नाही.

परवाची माझी चाल सांगते. बहिणीचं शहर वाढत चाललं होतं. पुरं झालेल्या शहराला दर फरशीमागे दोन गुण आणि अर्धवट राहिलेल्याला एकच, त्यामुळे शहर वाढवणं जितकं मोहाचं तितकंच धोक्याचं. दुसऱ्याच्या शहरात थेट बाहुली ठेवता येत नाही. पण शेजारी आपलं छोटं शहर सुरू करून नंतर दोन्ही तट जोडता येतात. ज्याच्या बाहुल्या जास्त त्याला गुण, सारख्या असतील तर दोघांनाही पूर्ण. मला नेमकी दोन बाजूंना तट असलेली फरशी मिळाली. पडद्यावर ती बसू शकेल अशा जागा उजळल्या. मी ती फिरवून पाहिली, चहा ठेवला, पुन्हा पाहिली. शेवटी बहिणीच्या तटापासून एक घर सोडून, कोपऱ्यात ठेवली आणि सरदार उभा केला. संध्याकाळी तिचा फोन. “ताई, माझ्या शहरात वाटेकरी व्हायला निघालीस होय?” वास्तविक तो डाव मधली फरशी मिळाली तरच साधणार होता. शिल्लक फरश्यांचा आकडा कोपऱ्यात दिसतच असतो, आणि दोघींनी तो पाहिला होता.

घरी पुठ्ठ्याच्या फरश्या मांडून हा खेळ खेळला, की शेवटी शेताचा हिशेब येतो आणि तिथे वाद होतात. एका रानात कुणाचे शेतकरी किती, ते रान कुठवर पसरलं आहे, रस्त्यानं ते दुभंगलं की नाही, त्याला लागून पुरी झालेली शहरं किती. अशा दर शहरामागे तीन गुण. बोटानं रानाची कड धरून जावं लागतं. यंत्र हे सगळं क्षणात करतं आणि ते चुकत नाही. नियम मोडायची सोयच नसते, कारण चुकीच्या जागी फरशी बसतच नाही. नवख्यासाठी हे फार मोलाचं आहे. बहिणीनं आयुष्यात नियमांचं पुस्तक उघडलं नाही. दोन-चार डावांत ती खेळता खेळता शिकली.

पण यंत्रानं हिशेब आणि स्मरण आपल्याकडे घेतलं, की काही खेळ बदलतात, हेही सांगायला हवं. ‘हनाबी’ हा आँत्वान बोझा या फ्रेंच खेळकर्त्याचा खेळ, २०१३ साली त्यालाही तोच जर्मन मान मिळाला. पाच रंगांचे ५० पत्ते. प्रत्येक रंगात एक ते पाच अशी चढती रांग लावायची, सगळ्यांनी मिळून. मेख अशी की आपले पत्ते आपण उलटे धरायचे, तोंड दुसऱ्यांकडे. माझे पत्ते मी सोडून सगळ्यांना दिसतात. इशारे मोजके असतात आणि इशाऱ्यात फक्त रंग सांगायचा किंवा आकडा. समोरासमोर बसून खेळताना कुणाला कधी काय सांगितलं ते लक्षात ठेवणं हा खेळाचा निम्मा भाग असतो. पडद्यावर मिळालेला इशारा पत्त्यावर नोंदलेलाच राहतो, त्यामुळे स्मरणाची परीक्षा उरत नाही. उलट दुसरीकडे खेळ जास्त कडक होतो. घरात मी चुकीच्या पत्त्याला हात घातला तर बहिणीची भुवई वर जाणार आणि मला कळणार. पडद्यावर भुवई नाही. जो काही अर्थ काढायचा तो इशाऱ्यातूनच. मला हा पडद्यावरचा हनाबी जास्त खरा वाटतो. नणंदेला तो कोरडा वाटतो, ती म्हणते, “वहिनी, माणसं दिसल्याशिवाय कसला खेळ?” तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. म्हणून हनाबीच्या वेळी आम्ही चौघं फोनवर एकत्र असतो, नुसता आवाज, आणि नियम असा की पत्त्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गप्पा कसल्याही चालतात. भाचा सुट्टीत येणार की नाही, हे आम्हाला अशाच एका डावात कळलं.

दुसऱ्या जातीचं दालनही आहे, त्याला नियम मुळीच ठाऊक नसतात. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ हा प्रोग्रॅम २०१५ साली ‘स्टीम’ या दुकानावर आला. तो एक टेबल देतो आणि वस्तूंना वजन देतो, एवढंच. फासा उचलून टाकला की तो खरोखर गडगडत जातो, पत्त्यांची गड्डी पिसता येते, सोंगटी हातातून सुटली तर टेबलाखाली पडते. रागाच्या भरात अख्खं टेबल उलथून टाकायचीही सोय त्यात ठेवली आहे. इथे संगणक लागतो आणि प्रत्येकानं आपापली प्रत विकत घ्यावी लागते. शिवाय नियम खेळणाऱ्यांनीच पाळायचे आणि गुण त्यांनीच मोजायचे. लोक त्यात हवे ते खेळ स्वतः तयार करून टाकतात. त्यातले कित्येक विकत मिळणाऱ्या खेळांच्या फुकट नकला असतात, आणि ते मला पटत नाही. एका खेळामागे कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं असतात. ज्या दालनात प्रकाशकाची परवानगी घेऊन खेळ ठेवले जातात, तिथेच ते खेळावेत.

मात्र जे खेळ कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, त्यांच्यासाठी हे रिकामं टेबल फार कामाचं आहे. आमच्या आईनं हातानं शिवलेला सारीपाटाचा पट माझ्याकडे आहे. काळ्या कापडावर लाल दोऱ्याची घरं, चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी. कड उसवली आहे, एका पट्ट्यावर तेलाचा डाग आहे. गेल्या दिवाळीत भाच्यानं तो खिडकीच्या उजेडात पसरला, खुर्चीवर चढून वरून फोटो काढला आणि रात्री तो फोटो त्या प्रोग्रॅमच्या टेबलावर अंथरला. डागासकट. सोंगट्या त्यातल्याच वापरल्या. कवड्यांसाठी त्यानं दोन तोंडांच्या चकत्या केल्या, एका बाजूला कवडीच्या पोटाचा फोटो, दुसऱ्या बाजूला पाठीचा. सहा चकत्या मुठीत धरून सोडल्या की त्या पटावर सांडतात. खऱ्या कवड्यांचा आवाज काही येत नाही. पण सोलापूरला बसलेल्या बहिणीनं आईच्या पटावर सोंगटी ठेवली, आणि ती पहिल्यांदा बोलली ती खेळाबद्दल नाहीच. “ताई, तो डाग दिवाळीतल्या करंज्यांचा,” म्हणाली. मला ते ठाऊकच नव्हतं, माझं तोवर लग्न झालेलं होतं.

खेळायला बसलो आणि यंत्राला नियम ठाऊक नसणं म्हणजे काय ते लगेच कळलं. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या तर दान किती धरायचं? आमच्या माहेरी पंचवीस धरत. नणंद म्हणाली, त्यांच्याकडे सहा. म्हणजे माझ्या सासरी सहा, आणि इतक्या वर्षांत त्या घरात सारीपाट निघालाच नसल्यानं हा फरक मला कधी कळायचं कारण नव्हतं. पंचवीस धरले तर डाव झपाट्यानं पळतो, सहा धरले तर मारामारी वाढते आणि सोंगट्या पुन्हा पुन्हा घरी जातात. नणंदेनं मडगावातल्या आपल्या थोरल्या आत्यांना फोन लावला. आत्या म्हणाल्या, सहाच, पण पुन्हा टाकायला मिळतं. बहीण हे मानायला तयार नाही. भाच्यानं दोन्ही पद्धती लिहून टेबलाच्या कडेला चिकटवल्या आहेत आणि प्रत्येक डावाआधी कौल घेतो. मी सध्या सासरच्या बाजूनं आहे.