दुसऱ्यांदा मिटणारे फुप्फुस

छातीत सुईने हवा भरून फुप्फुस मुद्दाम मिटवायचे, हा एके काळी क्षयावरचा प्रतिष्ठित उपचार होता. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी ही कल्पना १८८२ साली मांडली. कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तोही त्याच वर्षी. मिटलेल्या फुप्फुसाला विश्रांती मिळते, जखम भरते, असा हिशेब. पुढे औषधे आली आणि सुई कपाटात गेली.

क्षयाची सावली मात्र राहिली. कुणाच्या छातीत आपोआप हवा साठली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, की आधी संशय क्षयाचाच. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्येरगार्ड यांनी दाखवले की, एरवी ठणठणीत असलेल्यांच्या फुप्फुसाच्या शेंड्यावरचे बारीक फोड फुटूनही असे होते. यात उंच, सडपातळ तरुण अधिक.

पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाचे नाव आजही क्षयाशी जोडले जाते, आणि ते वावगे नाही. क्षयाने पोखरलेले फुप्फुस आपल्याकडे अजूनही फुटते. पण चहाच्या टपरीवर सिगारेट शिलगावणाऱ्या कॉलेजकुमाराची गोष्ट वेगळी आहे. १९८७ मधल्या स्टॉकहोमच्या अभ्यासात धूम्रपानामुळे पहिल्या न्यूमोथोरॅक्सचा धोका पुरुषांत सुमारे २२ पट, तर स्त्रियांत ९ पट आढळला. खरा प्रश्न पुढचा: पुन्हा होईल का? २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जवळपास तिघांतल्या एकाला तो पुन्हा झाल्याचे दिसले, आणि बहुतेकदा पहिल्याच वर्षात. सिगारेट सोडलेल्यांत हा धोका सुमारे चौपट कमी होता. उंची कुणाला बदलता येत नाही; पाकीट फेकता येते.

पुनरावृत्तीचा धोका स्त्रियांमध्ये जास्त असल्याचेही त्याच आढाव्यात निघाले. पाळीच्या दिवसांत, बहुधा उजव्या बाजूला, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोथोरॅक्स १९५८ पासून नोंदलेला आहे. तरी मुलाला सिगारेटबद्दल विचारणारे डॉक्टर बाईला पाळीची तारीख विचारायला विसरतात.

आधीच आजारी असलेल्या, उदाहरणार्थ सीओपीडी (श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट विकार) झालेल्या, फुप्फुसांना फुटण्याचा धोका वेगळाच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, सीओपीडी हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही, चुलीच्या धुराचाही त्यात मोठा वाटा आहे. आयुष्यभर चूल फुंकलेल्या आजीचे फुप्फुस फुटले तर तिला कोण धूम्रपानी म्हणणार?

दुसऱ्यांदा झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो: दुर्बिणीतून फोड काढायचे आणि फुप्फुस छातीच्या अस्तराला चिकटवायचे. त्यासाठी टाल्कची भुकटी वापरण्याची युक्ती १९३५ मध्ये मांडली कॅनडाच्या नॉर्मन बेथून यांनी, तेही स्वतः क्षयातून उठलेले.  पहिल्या वेळी मात्र हवा काढायला सगळ्यांनाच छातीत नळी लागते असे नाही. २०२० मधल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांना वर्षभरात तो पुन्हा होण्याचे प्रमाण उलट कमी आढळले.

एक्स-रे स्वच्छ आल्यावर डॉक्टरांना विचारून विमानात बसता येते. तारकर्लीचे स्कुबा डायव्हिंग मात्र, दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली नसेल तर, कायमचे सोडावे. पाण्यातून वर येताना अडकलेली हवा फुगते.