पहिला नंबर कोणी ठरवला?

लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाला १९५२ मध्ये वाईट दिवस आले होते. मॉरिस किन यांनी ते त्याच वर्षी विकत घेतले. वाचकाला दर आठवड्याला अंक घ्यायला लावील असे काहीतरी त्यांना हवे होते आणि ते सुचले जाहिरातींचे काम पाहणाऱ्या पर्सी डिकिन्स यांना. त्यांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, या आठवड्यात कोणत्या रेकॉर्ड सगळ्यात जास्त गेल्या ते क्रमाने विचारून घेतले, उत्तरांची कागदावर बेरीज केली आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात यादी छापली. ब्रिटनचा हा पहिला सिंगल्स चार्ट. क्रमांक बाराच होते, पण बरोबरी झाल्यामुळे त्यांत पंधरा रेकॉर्ड बसल्या. पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनो या अमेरिकन गायकाचे 'हिअर इन माय हार्ट' होते आणि ते तिथून ९ आठवडे हलले नाही. युद्धकाळात सैनिकांची लाडकी गायिका ठरलेल्या व्हेरा लिनची एकटीची तीन गाणी यादीत होती.

त्याआधी ब्रिटनमध्ये गाण्याची लोकप्रियता मोजत ती छापील स्वरलिपीच्या खपावरून. घरात पियानो असे, लोक स्वरलिपी आणून स्वतः गात. त्या मोजणीत गाणे महत्त्वाचे होते, गायक कोणीही असो. डिकिन्स यांच्या यादीने आवाजाला, म्हणजे एका विशिष्ट रेकॉर्डला, क्रमांक दिला. पॉप संगीतातला 'स्टार' घडवण्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. योगायोग असा, की त्यानंतर तीन आठवडे उलटायच्या आत, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे तिच्यातही क्रमवारी आली आणि गाणी 'पायदान' चढू-उतरू लागली. तिकडे काय, इकडे काय, आपले आवडते गाणे वर गेले का, ही हुरहुर सारखीच होती.

जुने चार्ट वाचणे हा मला इतिहास वाचण्याचा एक उत्तम मार्ग वाटतो. मात्र यादी वाचताना एक प्रश्न कायम सोबत ठेवावा लागतो: ही मोजणी कोणी केली आणि कुठे केली?

दोन नंबरचे बीटल्स

यादीमुळे अंक खपतो म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहणार? 'रेकॉर्ड मिरर', 'मेलडी मेकर', 'डिस्क' अशा प्रत्येकाने आपापला चार्ट काढला. १९६० पासून 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी साप्ताहिकाचीही भर पडली. प्रत्येकाची दुकाने वेगळी, म्हणून निकालही वेगळे.

याचा फटका खुद्द बीटल्सना बसला. जानेवारी १९६३ मध्ये आलेले त्यांचे 'प्लीज प्लीज मी' न्यू म्युझिकल एक्सप्रेस आणि मेलडी मेकर या दोन्ही याद्यांत पहिले आले. रेकॉर्ड रिटेलरच्या यादीत मात्र ते दुसऱ्या क्रमांकावरच थांबले. वर फ्रँक आयफील्डचे 'द वेवर्ड विंड' होते. त्या काळी रेकॉर्ड रिटेलर तीसेक दुकानांना विचारत असे आणि बाकीच्या दोघांच्या दुकानांची संख्या शंभरावर होती. पण १९७७ मध्ये ब्रिटिश हिट सिंगल्सचे गिनेस पुस्तक निघाले तेव्हा संपादकांनी १९६० नंतरच्या काळासाठी रेकॉर्ड रिटेलरची यादी प्रमाण मानली आणि तीच पुढे अधिकृत इतिहास ठरली. परिणामी बीटल्सचे पहिले 'नंबर वन' गाणे म्हणून आज 'फ्रॉम मी टू यू'ची नोंद आहे. त्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा '१' हा संग्रह २००० मध्ये निघाला, त्यातही 'प्लीज प्लीज मी' नाही.

बीबीसी या सगळ्या याद्यांची सरासरी काढून स्वतःची क्रमवारी लावत असे. ऑगस्ट १९६८ मध्ये त्या सरासरीत पहिल्या क्रमांकावर एकदम तीन गाणी आली. आता एकच भरवशाची यादी हवी, हे सगळ्यांना पटले.

काउंटरवरची डायरी

फेब्रुवारी १९६९ पासून ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरोने हे काम हाती घेतले. निवडक काहीशे दुकानांत एक डायरी दिली जाई. गिऱ्हाइकाने रेकॉर्ड घेतली की विक्रेत्याने तिच्या पाकिटावरचा कंपनीचा क्रमांक डायरीत लिहायचा. आठवडा संपला की डायरी टपालाने लंडनला. तिथे मोजणी होऊन मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवा चार्ट जाहीर होई आणि शाळेच्या मधल्या सुटीत पोरे ट्रान्झिस्टरला कान लावून बसत. १९७१ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा आकडे फोनवरून घ्यावे लागले.

डायरी हाताने लिहायची, म्हणजे लबाडीलाही वाव. कोणत्या दुकानांत डायरी आहे हे रेकॉर्ड कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी हुडकून काढत. तिथे आपलीच रेकॉर्ड माणसे पाठवून विकत घेणे, दुकानदाराला भेटी देऊन चार नोंदी जास्तीच्या करून घेणे, असे प्रकार चालत. १९८० मध्ये ग्रॅनाडा टीव्हीच्या 'वर्ल्ड इन ॲक्शन' या कार्यक्रमाने त्यांना वाचा फोडली. जानेवारी १९८३ पासून काम गॅलप या पाहणी संस्थेकडे गेले आणि डायरीच्या जागी हळूहळू इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. टेलिफोनच्या तारेवरून दुकानांचे आकडे गोळा होऊ लागले.

मद्रास, लखनौ, पाचगणी

या याद्यांमध्ये भारताशी नाते सांगणारी नावे बरीच भेटतात. 'लिव्हिंग डॉल'ने १९५९ मध्ये पहिल्यांदा अव्वल ठरलेला क्लिफ रिचर्ड लखनौत जन्मला. १९६९ मध्ये अव्वल ठरलेला पीटर सारस्टेट दिल्लीचा. एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा. १९६७ मध्ये त्याच्या 'रिलीज मी'ने ६ आठवडे पहिला क्रमांक अडवून धरला आणि बीटल्सच्या 'पेनी लेन' व 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या रेकॉर्डला दुसऱ्या जागी रोखले.

आपल्याला सगळ्यात जवळचा अर्थातच फारुख बल्सारा. झांझिबारचा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे पियानो वाजवू लागला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचे बँडपथक काढून शाळेच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. क्वीनचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिंगल म्हणून काढायचे ठरले तेव्हा सहा मिनिटांचे गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे जाणकार सांगत होते. १९७५ च्या नोव्हेंबरात ते पहिले आले आणि ९ आठवडे राहिले. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि पुन्हा पहिली आली.

ज्या दुकानांत डायरी नव्हती

जे मोजलेच गेले नाही त्याची गोष्ट मला यापेक्षाही मोलाची वाटते. १९८० च्या दशकात लंडनच्या साउथॉलमध्ये, बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर पंजाबी भांगड्याची एक नवी लाट उसळली होती. आलाप, हीरा, अपना संगीत ही पथके ढोलाला सिंथेसायझरची जोड देत होती आणि लग्नाच्या हॉलमधून, कॉलेजच्या मेळाव्यांतून तरुणाई त्यांच्यावर जीव टाकत होती. त्यांच्या कॅसेटी हातोहात खपत, पण त्या विकल्या जात किराणा मालाच्या, मिठाईच्या, साड्यांच्या दुकानांत. हिंदी सिनेमाच्या कॅसेटींचेही तेच. चार्टसाठी निवडलेल्या दुकानांत ही दुकाने नव्हती. त्यामुळे एका सबंध पिढीचे संगीत सिंगल्सच्याच नव्हे, तर अल्बमच्या यादीतही जवळजवळ उमटलेच नाही. त्या वर्षांचे चार्ट चाळणाऱ्याला वाटेल, ब्रिटनमधली दक्षिण आशियाई माणसे गप्पच होती.

म्हणूनच फेब्रुवारी १९९८ मधला तो आठवडा फार महत्त्वाचा. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या त्जिंदर सिंगच्या 'कॉर्नरशॉप' या बँडने १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' काढले, तेव्हा ते साठाव्या क्रमांकापर्यंतच पोचले होते. मग डीजे नॉर्मन कुकने त्याची गती वाढवून नवे रूप दिले आणि गाणे थेट पहिल्या क्रमांकावर गेले. हे गाणे आहे आपल्या आशा भोसल्यांवर. हिंदी सिनेमाच्या पार्श्वगायकांवर, त्यांच्या आधारावर आणि ४५ गतीच्या छोट्या तबकडीवर जीव लावणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे; लताबाई आणि रफीसाहेबही त्यात येतात. सांगलीकडच्या, मास्टर दीनानाथांच्या लेकीचे नाव ब्रिटनमध्ये घरोघरी रेडिओवर घुमले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आशाबाईंच्या आवाजातल्या कॅसेटी साउथॉलमध्ये वर्षानुवर्षे विकल्या जात होत्या. शिखरावर पोचले ते त्यांच्याविषयीचे गाणे, कारण ते मोजल्या जाणाऱ्या दुकानांत विकले गेले.

आता दुकानांचीच गरज उरलेली नाही. २००५ मध्ये डाउनलोड आणि २०१४ मध्ये स्ट्रीमिंग मोजणीत आले. मार्च २०१७ मध्ये एड शीरनची १६ गाणी एकाच वेळी पहिल्या विसांत आली, तेव्हा एका कलाकाराची तीनच गाणी धरायची असा नियम करावा लागला. पद्धत बदलली की निकाल बदलतो, हे १९६३ इतकेच आजही खरे आहे.

जुन्या याद्या जपायलाच हव्यात. एका आठवड्यात हजारो अनोळखी माणसांनी खिशातले पैसे कोणत्या सुरावर खर्च केले, हे सांगणारी दुसरी नोंद क्वचितच सापडते. पण त्या एकट्या पुरेशा नाहीत. ब्रिटनमध्ये असोत की मुंबई-पुण्यात, ज्या कॅसेट कंपन्यांची, दुकानांची, लग्नातल्या बँडपथकांची नोंद कोणत्याही चार्टने ठेवली नाही, त्यांच्या आठवणी, पावत्या, कॅसेटींची वेष्टने गोळा करणारी माणसे आजही हवी आहेत. ते काम झाले तरच त्या काळाने खरोखर काय ऐकले, हे पुढच्यांना कळेल.