ध्रुवापलीकडचे शेजारी

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. अलास्कातलं उत्किआग्विक, म्हणजे पूर्वीचं बॅरो, डाव्या बाजूला वर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्येन थेट युरोपच्या डोक्यावर. मधे अख्खा कॅनडा आणि ग्रीनलंड पसरलेले. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि वरून पाहा. दोन्ही गावं उत्तर ध्रुवाच्या अल्याड-पल्याड, जवळजवळ समोरासमोर! त्यांच्यामध्ये दोरा ताणला तर तो ध्रुवापासून जेमतेम ११० किलोमीटरवरून जातो. अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर. जेट विमानाला चार तास पुरेत.

हा प्रवास विलक्षण झाला असता. लाँगइअरब्येनहून विमान जवळपास थेट उत्तरेला निघणार, कुठेही न वळता नाकासमोर जाणार आणि उतरताना त्याचं तोंड दक्षिणेकडे असणार. घड्याळाची कथा तर आणखी न्यारी. उत्किआग्विकची वेळ दहा तास मागे, त्यामुळे सकाळी नऊला निघालेला प्रवासी त्याच दिवशी पहाटे तीनला पोहोचेल.

पण असं विमानच नाही. एका टोकाला अडीचेक हजार वस्ती, दुसऱ्या टोकाला पाचेक हजार; रोजचं विमान भरणार कुणी? प्रत्येक गावाची वाट आपापल्या देशाकडे, दक्षिणेला जाते. म्हणून लाँगइअरब्येनहून ओस्लो, तिथून रेक्याविक, मग सिअ‍ॅटल, अँकरेज आणि शेवटी उत्किआग्विक असा वळसा घ्यायचा. सुमारे १३ हजार किलोमीटर, सरळ अंतराच्या जवळपास चौपट. हवेतलेच अठरा-एकोणीस तास. विमानतळांवरची ताटकळ वेगळी.

गंमत म्हणजे सरळ वाट माणसानं कधीच उडून पाहिली आहे. १५ एप्रिल १९२८ रोजी ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आइलसन एका इंजिनाच्या लाकडी लॉकहीड व्हेगा विमानातून बॅरोहून निघाले. ध्रुवाला बगल देत, वीसेक तासांत त्यांनी स्वालबार्ड गाठलं. त्या भागात चुंबकीय होकायंत्राचा भरवसा नसतो. विल्किन्स सूर्याची उंची मोजून आपण कुठे आहोत ते ठरवत होते.

उतरताना वादळानं गाठलं, आणि दोघं एका निर्मनुष्य बेटावर पाच दिवस अडकले. पुन्हा उडायची वेळ आली तेव्हा विमानाच्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या बर्फात रुतलेल्या. विल्किन्स खाली उतरून विमान ढकलायचे. ते सुटलं की धावत आत चढायचं. दोनदा विमान त्यांना सोडूनच उडालं आणि आइलसनना परत उतरावं लागलं. तिसऱ्या वेळी एक पाय आत ठेवून, वाहून आलेल्या ओंडक्यानं बर्फाला रेटा दिला, तेव्हा कुठे जमलं.

ते पाच दिवस धरले तर आजचा प्रवासी नक्की आधी पोहोचतो. नुसते हवेतले तास मोजले, तर शंभरेक वर्षांत आपण तास-दोन तासच वाचवले आहेत.