उन्हाळ्यातल्या लग्नसराईसाठी हील्स कशा निवडाल?

सावनेरच्या मैत्रिणींनो, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लग्नंही तेव्हाच! साडी, कुर्ता, जीन्स सगळ्यांवर शोभणारा एकच जोड हवा? बेज किंवा टॅन घ्या.

👡 हील दीड-दोन इंचांची, रुंद ब्लॉकची. पेन्सिल हील मंडपातल्या मातीत रुतते.
👡 आतला तळ चामड्याचा. रेक्झिनमध्ये घाम जिरत नाही, पाय सटकतो.
👡 घोट्याला बकलचा पट्टा. पाय सुजले की एक भोक सैल करता येतं.
👡 खरेदी संध्याकाळीच. उन्हाने पाय फुगतात. सकाळी नीट बसलेली चप्पल रात्री चावते.

नागपूरला सीताबर्डीत जाल तेव्हा कोल्हापुरी घाटाच्या हील्सही बघा. बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याचा तो तपकिरी रंग कशावरही खुलतो!